छज्जा

"साहेब, पहिला आठवडाभर टँकरच आला नव्हता. छज्जा कोरडाच राहिलाय, कच्चा असणार," सुंदराबाई म्हणाली. नव्या काँक्रीटला पाणी मारायचं काम तिच्याकडे होतं.

इंजिनिअर निरगुडकरांच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल होता. त्याच काँक्रीटचे ठोकळे तिथे महिनाभर पाण्यात ठेवले होते आणि यंत्राखाली दाबून पाहिल्यावर ते भक्कम ठरले होते.

"ठोकळे पास झालेत, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी छज्ज्याखालचे टेकू काढायला सांगितलं.

शेवटचा टेकू निघताच छज्जा कोसळला. टेकू काढणारा सुंदराबाईचा नवरा त्याखाली सापडून गेला.

चौकशीत निरगुडकरांनी अहवाल पुढे केला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि विचारलं, "छज्ज्याला पाणी कोण मारायचं?"

"मी," सुंदराबाई म्हणाली आणि निरगुडकरांकडे पाहत राहिली. त्यांनी मान वर केली नाही.