स्टार्टरचा नारळ

देवमन मिस्त्री ट्रकखालून सरपटत बाहेर आला. सकाळपासून उताणा पडून त्याने नवा स्टार्टर बसवला होता. ट्रक लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांनी ओढणारा. चिखलदऱ्याच्या चढावर लाकूड आणायला दुसरी गाडी चालत नसे. तीन महिने मात्र तो हँडल मारूनच सुरू करावा लागे. हँडलच्या उलट्या झटक्याने नत्थुजी ड्रायव्हरचं मनगट मोडता मोडता राहिलं होतं.

"स्टार्टर चालला की तुही नोकरी पक्की," असं ठेकेदार खुशालराव चार माणसांसमोर बोलले होते. देवमनने घरी सांगूनही टाकलं होतं.

बॉनेटला हळद-कुंकू लावून झालं. खुशालरावांनी नारळ देवमनपुढे धरला.

"फोड. ज्यानं बसवला त्याच्याच हातानं फुटू दे."

"मले नाही जमत, मालक."

"काहून? हात दुखून राह्यला?"

"मागच्या दसऱ्याले नागपुरात दीक्षा घेतली. आता पूजा करत नाही. तुमाले मालूम हाय."

मालूम होतंच, अख्ख्या राजापेठेला होतं. म्हणून तर नारळ त्याच्यापुढे आला. याआधी आठ वर्षं पूजा सुरू झाली की त्याला फाटकाबाहेर उभं करत, आणि गाडी बिघडली की आत बोलवत.

"तवा माह्या हातचा नारळ चालला नाही," देवमन म्हणाला.

"आता चालते म्हनतो ना! मान देऊन राह्यलो तुले, अन् तू लाथ मारून राह्यला?"

"मान पाह्यजे, मालक. नारळ नको."

खुशालरावांचा चेहरा उतरला, मग पारा चढला. चार माणसं बघत होती.

"मंग पक्क्या नोकरीचं नाव काढू नको. उद्यापासून येऊ बी नको."

नारळ नत्थुजीने फोडला. वर चढून त्याने स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्याच दमात धडधडलं. माणसांनी टाळ्या पिटल्या.

"पाह्यलं?" खोबऱ्याचा तुकडा चावत खुशालराव म्हणाले. "नारळ फुटला अन् गाडी चालू झाली!"

देवमन खाली बसून आपले पाने गोळा करत होता. काम चोख केल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.