सहावी बाई

अथेन्सच्या कुंभारवाड्यातला तो चितारी घागरींवर कधी आपलं नाव घालत नसे. झऱ्यावर पाणी भरायला रांगेत उभ्या पाच बाया तो रंगवी. कच्च्या घागरीवर रंग मातीसारखाच दिसे; आकृत्या काळ्या होत त्या भट्टीतच. बायांच्या हातातोंडाला तेवढा पांढरा रंग.

हिवाळ्यात त्याची बायको मिर्तिस वारली, आणि त्यानं पाचच रंगवल्या तरी भट्टीतून निघालेल्या घागरीवर सहा बाया दिसू लागल्या. सहावी आधी रांगेच्या शेवटी होती. दर भट्टीला ती एक पाऊल पुढे सरके.

"पुन्हा सहा?" थेओक्लेस कुंभार हसला. "म्हातारबा, बोटं मोजायला शिका आता!"

"असू दे रे. तिची बारी आलीय बघ."

खरंच, तिची घागर धारेखाली होती.

पुढच्या भट्टीच्या दिवशी त्यानं कुंभारांच्या देवीला जव वाहिले आणि भट्टीचं दार उघडलं. पाचच बाया. तो घरी आला.

मिर्तिस गेल्यापासून कोरडी पडलेली घागर काठोकाठ भरली होती. तिच्या कानावर, धरायच्या जागी, पांढरी बोटं उमटली होती, अजून ओली.

देवीचं नाव घेऊन त्यानं दोन पेले मांडले.