स्लॅबचा नारळ

"काका, खाली चला. नारळ फोडायचा खोळंबलाय," हणमंतप्पानं जिन्यातून दुसऱ्यांदा हाक मारली.

रामहरी सज्ज्याजवळून उठला नाही. "तुम्ही फोडा. मी इथंच बरा."

हणमंतप्पा कंत्राटदार. जळकोटात अलीकडं झालेली बरीच घरं त्याच्या हातची. हे घर कस्तुराबाईंचं. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या आणि मग घर बांधायला काढलं. राहणार त्या आणि लेक जाई. आज स्लॅब होता. खाली मिक्सरला हळदकुंकू लावून झालं होतं. वर गजांच्या जाळीवर रामहरी होता आणि हणमंतप्पाचे दोन गडी.

रामहरी उमरग्याचा. दोन वर्षांपूर्वी त्याची मंडळी लक्ष्मीबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी गेली. वाण घेऊन दाराबाहेर पडली आणि वरचा सज्जा खाली आला. तेव्हापासून कुणी बोलावलं की रामहरी पहिल्या एसटीनं त्यांच्या स्लॅबवर जाऊन उभा राहायचा. एक पैसाही घ्यायचा नाही. कस्तुराबाईंना त्याचा नंबर बचतगटातल्या एका बाईनं दिला होता.

"स्लॅबच्या नारळाला सगळे खाली येतात. रीत हाय ती," हणमंतप्पा वर येत म्हणाला.

"मंडळी गेल्यापासून मी स्लॅबच्या नारळाला जात नाही."

हणमंतप्पा हसला. "दुःख हाय, कळतंय. पर बाईंचा मुहूर्त टळाय लागला की."

"टळू दे."

"आन् मी मिक्सर परत लावून दिला तर? मजूर उद्या दुसऱ्या गावाला हायेत. पुन्हा पंधरा दिवस न्हाई मिळायचे. तुमचं काय जातंय, तुम्ही एसटीत बसून जाताल."

खालून कस्तुराबाईंनी हे ऐकलं. त्या पदर खोचून वर आल्या. कपाळाला घाम होता.

"दादा, दोन मिनिटं या की खाली. इतक्यात गज कुठं पळून जातेत व्हय?"

गडी हसले. रामहरी हसला नाही. त्यानं दोन्ही गड्यांकडं पाहिलं. नारळ खाली फुटायचा होता, पण त्यांतला एकही जिन्याकडं निघालेला नव्हता. एकाच्या हातात तार पिळायचा आकडा होता. दुसऱ्यानं पोतं अंथरून ठेवलं होतं.

"कस्तुराबाई, हा सज्जा कुठं येतोय?"

"दारावर. जाई तिथंच बसंल अभ्यासाला. तिला उजेड लागतो."

"याला खालून भिंत नाही. चार फूट नुसता हवेत. सगळा भार या वरच्या गजांवर." रामहरीनं एका गजावर बोट ठेवलं. "हा ओढा."

"मी?"

"तुम्हीच ओढा."

"काका, बांधलेली जाळी इस्कटू नका," हणमंतप्पाचा आवाज चढला. "इंजिनियर काल बघून गेलाय. फोटो काढलाय त्यानं."

"काल बघितलं ते बरोबरच होतं. ओढा बाई."

कस्तुराबाई वाकल्या. त्यांनी दोन हातांनी गज धरला आणि ओढला. तो सरकन हातभर बाहेर आला. तार नुसती गुंडाळलेली होती, पिळलेली नव्हती. रामहरीनं एक गज सोडून तिसरा दाखवला. तोही आला. मग पाचवा. मधले मात्र घट्ट होते.

कस्तुराबाई हातातल्या गजाकडं बघत राहिल्या.

"राहिलं असंल बांधायचं," हणमंतप्पा म्हणाला. "गड्यांची चूक."

"चुकून असं एकाआड एक राहत नाही," रामहरी शांतपणे म्हणाला. "खाली नारळ, पेढे, फोटो. वर दहा मिनिटं कुणी नाही. तेवढ्यात निम्मे गज आवाज न होता पोत्यावरून मागच्या बाजूला उतरतात आणि विकले जातात. वरून काँक्रीटचा माल पडला की पुन्हा कुणाला दिसत नाही."

हणमंतप्पा त्याच्याकडं रोखून बघू लागला. "तुम्हाला मी उमरग्यात कुठंतरी बघितलंय."

"बघितलं असशील."

"तार अशी सोडायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? गज बांधून घे. नारळही वरच आण."

हणमंतप्पानं मिक्सरकडं पाहिलं, मग कस्तुराबाईंकडं. त्यांनी गज अजून सोडला नव्हता.

"नारळ वर आणा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मी हा गज घेऊन चावडीवर जाऊन बसते."

नारळ स्लॅबवरच फुटला. गड्यांनी एकेक गज जागेवर घेतला. रामहरीनं प्रत्येक तार आपल्या हातानं ओढून पाहिली. माल पडायला लागला तेव्हा कुणाचा पाय पडून गज खाली दबू नयेत म्हणून तो सज्ज्याच्या कडेला फळीवर उभा राहिला. जेवणाची सुट्टी झाली तरी हलला नाही.

दुपारी काम संपलं. हणमंतप्पा निघून गेला. रामहरी पायरीवर बसून डबा उघडू लागला. भाकरी एका बाजूनं करपली होती.

"ही कुणी थापली?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"मीच. अजून जमत नाही."

"दिसतंयच की. ठेवा ती. मी पिठलं टाकलंय." कस्तुराबाईंनी ताट पुढं केलं आणि समोर बसल्या. मग पिशवीतून मोबाइल काढला. "दादा, एक सांगा. तुमच्या मंडळीवर पडला तो सज्जा बांधणारा कोण? आमच्या गटात तेराजणी घरं बांधायला निघाल्यात. सगळ्यांना आत्ताच कळवते. त्याला कुणी दारात उभं करायचं न्हाई."

"तो आता काम घेत नाही."

"तरी सांगा. उद्या पुन्हा घेईल. असल्यांचा काय भरवसा?"

रामहरीनं घास ताटात ठेवला. त्यानं वरच्या ओल्या सज्ज्याकडं पाहिलं.

"लिहा. रामहरी. उमरगा."

कस्तुराबाईंचं बोट थांबलं. "तुमचं न्हाई दादा. त्याचं विचारतेय."

"त्याचंच सांगतोय," रामहरी म्हणाला.