जातीची अट नाही

"पोरांमंधी पह्यलं स्थळ आपल्या दीपकचंच टाक," सारिकाच्या खुर्चीमागं उभे राहून उत्तमराव म्हणाले. "शुभ काम घरूनच सुरू व्हावं."

चिखलीतल्या त्यांच्या वधू-वर केंद्राची वेबसाइट आज सुरू व्हायची होती. खाली पाहुणे चहा घेत होते. वेबसाइट बांधली होती सारिकानं, बीबी गावच्या जनकाबाईच्या पोरीनं, एकटीनं. दीपक, म्हणजे उत्तमरावांचा मुलगा, दाराला टेकून मोबाइल चाळत उभा होता. वर्षभर तो तिला सांगत आला होता, "साइट सुरू होऊ दे, त्याच दिवशी बाबाले आपलं सांगतो." आणि ही बया आजच्या दिवसाकडं डोळे लावून बसली होती.

सारिकानं 'अपेक्षा'च्या रकान्यात नुसतं 'जा' टाइप केलं. लगेच खाली पर्याय उघडला: 'जातीची अट नाही'. लोकांना तेवढंच दिसायचं. तो निवडला की आत कॉम्प्युटरात जायचं मात्र भलतंच: 'एससी-एसटी क्षमस्व'. ही करामत उत्तमरावांची. पूर्वी ते जाहिरातीत असं उघडच छापायचे. आता लोक फोटो काढून गावभर करतात, म्हणून त्यांनी हुकूम सोडला होता, "वरून गोड दिसू दे, आतून गाळून घे." सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेव्हा दीपकनंच समजूत घातली होती, "जगासाठी हाये ते. आपल्यासाठी थोडीच हाये?" मग तिनं स्वतःच्या हातानं ते लिहिलं. प्रेमात माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

पण आज सकाळी तिनं आतलं ते 'क्षमस्व' पुसून टाकलं होतं. वर दिसतं तेच आत जाईल, असं केलं होतं. आणि आधीच भरून ठेवलेल्या मुलींच्या स्थळांत स्वतःचंही भरलं होतं. खरं नाव, खरं गाव, बौद्ध. होऊन जाऊ दे एकदाचं! बापासमोर नाव आलं की दीपकला तोंड उघडावंच लागणार होतं.

तिनं पर्याय निवडला, बटण दाबलं. दीपकला जुळणारी स्थळं झरझर आली. वय, शिक्षण, आवडीनिवडी, सगळं जुळणारं सर्वात वरचं स्थळ फोटोसकट झळकलं: सारिका, बीबी.

उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाराकडं वळून त्यांनी विचारलं, "ही पोट्टी इथं काऊन आली बे?"

सारिकाचा जीव नुसता टांगणीला लागला. दीपकनं मोबाइल खिशात टाकला. पुढं आला. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बोल रे, आता तरी बोल, ती मनातल्या मनात त्याची विनवणी करत होती.

त्यानं स्क्रीन पाहिली. मग तिच्याकडं पाहून हसला, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहून हसतात तसा.

"काही नाही हो बाबा, आत काहीतरी चुकलं असन," तो म्हणाला. "सारिका, काढ बरं तुझं नाव पटकन. पाहुणे वर येऊन राह्यले."