एका मिनिटाची शांतता

कथाकारांनी हेडफोन कानाला लावला आणि संहिता उघडली. प्रत्येक पानाच्या समासात मिनिटं आणि सेकंद लिहून द्यायचे, ही त्यांची अटच होती.

"सुरू करा," ते जरा मोठ्यानेच म्हणाले.

रूपांतरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. रेडिओ केंद्रावर त्यांना सगळे याच नावाने ओळखत. कादंबरी असो की प्रवासवर्णन, बाई त्याचं अर्ध्या तासाचं नभोनाट्य करून देत. या विज्ञानकथेने मात्र त्यांना घाम फोडला होता. साहेबांनी बजावलं होतं, आज कथाकारांची सही मिळाली तर ठीक, नाहीतर नाट्यविभाग बंद. म्हणजे बाई घरी.

आणि कथाकार म्हणजे एक वल्ली. या कथेवर नाटक बसवायला आलेल्याला त्यांनी परत पाठवलं होतं, चित्रकथावाल्याला तर जिन्यातूनच. फोन कधी उचलत नसत. काय असेल ते लेखी कळवा, बोललेलं वाऱ्यावर जातं, असं पत्रात ठणकावत.

कथा तशी छोटी. एक माणूस दूरच्या ग्रहावर एकटा राहतो. पृथ्वीवरची बायको रोज यंत्रातून त्याच्याशी बोलते. एक दिवस यंत्र बिघडतं. ती तिकडे बोलतेच आहे हे त्याला ठाऊक असतं, पण इकडे काही पोचत नाही. मग कथेत अख्खं एक मिनिट शांतता आहे.

"बायकोचं काम कोणी केलंय?" कथाकारांनी आल्या आल्या विचारलं होतं.

"आमच्याच एक कलाकार आहेत. आवाज थोडा घोगरा आहे."

बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत कथाकारांनी मान डोलावली. "माझ्या बायकोचाही तसाच. ऐकून अकरा वर्षं झाली."

बाईंनी मान खाली घातली. "फार वाईट झालं," त्या पुटपुटल्या. कथाकार काहीच बोलले नाहीत. आपण भलतंच बोलून गेलो असं बाईंना वाटलं.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बटणराव बसले होते. शेजारच्या खोलीतून थेट बातम्या चालू होत्या, म्हणून स्पीकर बंद ठेवून तिघांनी हेडफोनवर ऐकायचं ठरलं होतं. बटणरावांचा पारा सकाळपासून चढलेला होता. त्या शांततेच्या जागी बाईंनी व्हायोलिन घातलं होतं आणि बटणरावांना ते मुळीच पटलं नव्हतं. वाद घालत घालतच त्यांनी वायरी खोचल्या होत्या.

बाईंचाही नाइलाज होता. दहा सेकंदांहून जास्त शांतता गेली की केंद्रातलं यंत्र प्रसारण बंद पडलं असं समजून आपोआप गाणी लावत असे.

नाट्य चालू झालं. कथाकारांची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून संहितेवर आणि तिथून यंत्रावरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या नाचत्या सुईवर फिरत होती. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती.

"कानात तेल घालून ऐकताहेत," बटणराव बाईंना हळूच म्हणाले.

बाविसाव्या मिनिटाला कथाकारांनी हात वर केला.

"इथे शांतता हवी. तुम्ही काहीतरी वाजवताय."

व्हायोलिन इतकं हलकं होतं की झोपलेलं मूलही जागं झालं नसतं. बाईंनी नियम सांगितला, हात जोडले. कथाकारांनी त्यांच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मग राहू दे. सही नाही."

बाईंना रडूच कोसळणार होतं. बटणरावांना दया आली असावी.

"रिकाम्या स्टुडिओचा आवाज घालू का?" ते म्हणाले. "आपण नेहमी मिनिटभर घेऊन ठेवतोच की, जोडकामासाठी. जरासा वाढवला की यंत्र गप्प बसेल. माणसाला मात्र शांतताच वाटेल."

दहा मिनिटांत जोडकाम झालं. तो भाग पुन्हा लावला. सुई जेमतेम जागची उठली आणि तिथेच थबकली. कथाकार मिनिटभर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"हीच," ते म्हणाले. "ही माझ्या ओळखीची आहे."

त्यांनी सही केली, हेडफोन काढून ठेवला आणि निघाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "काय कान आहे हो माणसाचा! तीस वर्षांत असा पाहिला नाही."

बटणराव वायरी गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता थांबले. तिसऱ्या हेडफोनची पिन टेबलाखाली लोंबत होती.

"बाई," ते म्हणाले, "सकाळी तुमच्याशी भांडण्याच्या नादात ही लावायचीच राहिली."

बाई पिनेकडे बघत राहिल्या. मग धावतच बाहेर आल्या. कथाकार पाठमोरे, दाराशी पोचले होते.

"अहो, थांबा!" बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. ते वळले नाहीत.

दाराजवळच्या बाकावरून एक म्हातारी उठली.

"दंडाला हात लावा, म्हणजे वळतील," ती म्हणाली. "मी यांची बायको."

आवाज थोडा घोगरा होता.