होलुब गल्ली

दार उघडलं ते खुद्द दिवंगतांनीच.

मेनाशेच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि ओठांवर पाठ केलेलं वाक्य: ‘बाई, आपल्या दुःखात नगरपालिका सहभागी आहे.’ समोर डॉ. मोरित्झ लिंडाउ उभे. वय सत्त्याऐंशी, ऑगस्टच्या उकाड्यात अंगात कोट, गळ्यात टाय, पायात मोजे. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. व्हिएन्ना-बर्लिनहून या नव्या देशात आलेल्या ज्यू मंडळींच्या त्या आळीत दोन ते चार कुत्रीसुद्धा भुंकत नसत.

“ही झोपेची वेळ आहे,” डॉक्टर म्हणाले. “कोणी मेलं असेल तरच घंटा वाजवायची.”

“म्हणूनच वाजवली,” मेनाशे म्हणाला.

मेनाशे नामकरण समितीचा कारकून, आणि चूक त्याचीच होती. डॉक्टर दर सोमवारी नगरपालिकेला एक पत्र लिहीत. कुठला दिवा लागत नाही, कुठल्या पाटीवर काय चुकलंय, वगैरे. गेले तीन महिने पत्र नाही. अशा माणसाचं पत्र एकाच कारणाने थांबतं, असं मेनाशेने फायलीत लिहिलं आणि समितीने दोन मिनिटं उभं राहून ते मान्य केलं. ज्यूंना देश मिळावा म्हणून ज्याने वीस वर्षं व्हिएन्नाच्या परराष्ट्र खात्यात खेटे घातले, त्याच्या नावाने निदान एक गल्ली हवी, यावर समितीत भांडणही झालं नाही. तसं पहिल्यांदाच घडत होतं.

“मोतीबिंदू,” डॉक्टर म्हणाले. “लिहिता येत नव्हतं. या सोमवारपासून पुन्हा सुरू करतोय.”

मेनाशेने मग सगळं सांगून टाकलं. पाच वाजता समारंभ. खुर्च्या मांडून झाल्यात, शाळेच्या मुलींनी गाणं बसवलंय, नगराध्यक्षांचं भाषण पाठ झालंय. पाटी बाहेर सायकलच्या कॅरिअरला बांधलेली आहे. आणि जिवंत माणसाचं नाव रस्त्याला द्यायचं नाही, असा नियम आहे.

“नियम चांगला आहे,” डॉक्टर म्हणाले. “जिवंत माणसाचा भरवसा नाही. मी अजूनही काही मूर्खपणा करू शकतो.”

“पाचच्या आत दुसरं नाव हवंय, डॉक्टरसाहेब. मेलेलं. नाहीतर सोमवारी तुमचं पत्र वाचायला मी तिथे नसेन.”

आतून डॉक्टरांच्या पत्नी हेडीबाईंचा आवाज आला, “मोरित्झ, कोण आलंय?”

“नगरपालिका. मला न्यायला आलीय.”

“चारला केक आहे म्हणावं. त्यानंतर न्या.”

डॉक्टर खुर्चीत टेकले. कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून बरीच वर्षं तयार ठेवल्यासारखं त्यांनी नाव सांगितलं, “आलोइस होलुब. एकोणीसशे एकोणीस साली गेला, तापाने. मी स्वतः माती लोटलीय.”

“आपला माणूस?”

“झेक. कॅथलिक. परराष्ट्र खात्याचा दारवान.”

मेनाशेचं पेन थांबलं. “समिती विचारेल, त्याने आपल्यासाठी केलं काय?”

“दार उघडलं,” डॉक्टर म्हणाले. “बाकीच्यांकडे शिफारसपत्रं असायची, माझ्याकडे छत्री होती. होलुब माझी टोपी घ्यायचा, शेगडीजवळच्या बाकावर बसवायचा. ‘आज मंत्र्यांची दाढ दुखतेय, गुरुवारी या.’ मी गुरुवारी जायचो. माझी सगळी मुत्सद्देगिरी म्हणजे होलुबने सांगितलेले गुरुवार. मग आत जाऊन वर्दी द्यायचा, ‘राजदूत, डॉक्टर लिंडाउ.’ एकदा सचिवाने विचारलं, ‘राजदूत? कुठल्या देशाचे?’ होलुब म्हणाला, ‘देश मागून येतोय, साहेब.’”

डॉक्टरांनी चष्मा काढला. नवा कोरा होता, तरी बराच वेळ पुसला.

“त्याचे आभार मानायचे राहिले. म्हटलं, देश आला की मानू. तो आधीच गेला.”

मेनाशेने तिथूनच नगराध्यक्षांना फोन लावला.

“मेलाय?” पलीकडून पहिला प्रश्न.

“एकोणीस साली.”

“नक्की? या वेळी विचारलंस कुणाला?”

“माती लोटणारे समोर बसलेत, साहेब.”

“मग लाव. भाषणात नाव तेवढं बदलतो.”

पाटी एकच होती. पुढे निळ्या मिन्यावर पांढऱ्या अक्षरांत डॉ. लिंडाउ, मागे कोरं लोखंड. मेनाशेने अंगणात बसून मागच्या बाजूवर ब्रशने होलुबचं नाव लिहिलं. डॉक्टरांनी डोक्याशी उभं राहून त्यातली दोन अक्षरं पुसून पुन्हा लिहायला लावली. केक संपेपर्यंत पाटी उन्हात खडखडीत वाळली.

पाचला पाच कमी असताना मेनाशे गल्लीच्या तोंडाशी शिडीवर होता. होलुब रस्त्याकडे, लिंडाउ भिंतीकडे. शेवटचा स्क्रू पिळता पिळता तो खाली बघून म्हणाला, “तुमची वेळ आली की पाटी फिरवतो, डॉक्टरसाहेब. पाच मिनिटांचं काम.”

“फिरवायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “फायलीत लिहून ठेवा. त्याच्या दाराशी थांबायची मला सवय आहे.”

मुलींनी गाणं सुरू केलं. सगळे उठून उभे राहिले. डॉक्टरांनी टोपी काढली, आणि कोणीतरी घेईल अशा बेताने क्षणभर ती पाटीच्या दिशेने पुढे धरली.