करंजीचा भाऊ

सासूबाई करंजीला नेवरी म्हणायच्या, ऋता करंजीच म्हणायची. लग्नानंतरचा ऋताचा हा पहिलाच नाताळ. खिडकीत कागदी तारा टांगून झाला होता आणि स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसून कातण्यानं कडा कापत होत्या. शेवटची पारी हातात घेतली आणि ऋताच्या बोटांनी सवयीनं तिचा मोदक वळला.

“हे काय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“करंजीचा भाऊ. आमच्याकडे करंज्या एकट्या तळत नाहीत, सोबत एक मोदक लागतो.” मग ती ओशाळली. “मोडू का, मम्मी?”

“राहू दे. तळ.”

ऋताचा स्वतःचा भाऊ दोन स्टेशनं पलीकडे राहायचा. ख्रिश्चन घरात लग्न केलं म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. या घरात तो विषय कोणी काढत नसे.

नाताळच्या सकाळी शेजाऱ्यांना द्यायची ताटं भरली. सासूबाईंनी एक जास्तीचं भरलं, नेवऱ्यांच्या मधोमध मोदक ठेवला, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि मुलाला म्हणाल्या, “नेल्सन, हे तुझ्या मेव्हण्याकडे देऊन ये.”

तासाभरात तो ताट घेऊनच परत आला.

“दार त्यानंच उघडलं. ताट आत घेऊन गेला आणि लगेच परत आणून दिलं.”

सासूबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं. ऋतानं रुमाल उचलला. नेवऱ्या होत्या तशाच होत्या.

मोदक नव्हता.